डोंगरापलीकडचा देश

योसेफ बाळाला व त्याच्या मातेला घेऊन रात्रीच मिसर देशी निघून गेला, एवढे सांगून मत्तय मोकळा होतो. त्या वाटेवर मरीयेच्या मनात मिसराचे कोणते चित्र असेल? पूर्वजांनी ज्याला दास्याचे घर म्हटले, तेच आता तिला आश्रयाचे घर व्हावयाचे होते.

स्पेनमधील निर्वासितांच्या वाट्यास याच्या नेमके उलट आले. 26 जानेवारी 1939 रोजी बार्सिलोना शहर जनरल फ्रँकोच्या सैन्याने घेतले आणि पिरेनीज पर्वताकडे माणसांचा लोंढा वाहू लागला. फ्रान्सने 28 जानेवारीस स्त्रिया, मुले व वृद्ध यांना वाट दिली. 5 फेब्रुवारीपासून शस्त्रे खाली ठेवणाऱ्या सैनिकांनाही. दोनतीन आठवड्यांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे पलीकडे गेली. ज्या सीमावर्ती जिल्ह्यात ती उतरली, त्याची स्वतःची वस्ती अडीच लाखही नव्हती. यजमानांचा न्याय करताना हे विसरू नये.

या लोकांनी फ्रान्सचे चित्र आधीच मनात रेखाटले होते. कित्येकांचे आप्तस्वकीय तेथे द्राक्षांच्या तोडणीस जात. त्यांना तो रोजगाराचा मुलूख. शिकलेल्यांना तो स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा देश. तेथील नगरभवनांवर हे तीन शब्द कोरलेलेच असतात. कॅटलन शेतकऱ्यांना तर तो परका वाटण्याचे कारणच नव्हते. 1659 च्या तहाने सीमा डोंगरावर आली, परंतु पलीकडच्या खेड्यांत बोली त्यांचीच होती. आमच्या बेळगावकडील वाचकांना हे अधिक फोड करून सांगावयास नको.

प्रत्यक्षात त्यांना भेटली ती वाळू. आर्जेलेसच्या समुद्रकिनाऱ्यावर काटेरी तारांचे कुंपण घालून हजारोंना आत ठेवण्यात आले. आरंभी छप्पर नव्हते. फेब्रुवारीच्या बोचऱ्या वाऱ्यात माणसे वाळूत खड्डे खणून निजली. पिण्यास मचूळ पाणी. पाव मोटारीतून गर्दीत फेकला जाई. पहाऱ्यावर फ्रान्सच्या आफ्रिकी वसाहतींतील शिपाई होते, तेही बिचारे घरापासून दूरच.

येथे आम्हां कॅथलिकांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या यादवीत प्रजासत्ताकाच्या मुलखात 6,000 हून अधिक धर्मगुरू व व्रतस्थ मारले गेले. सेमिनरीत आम्ही तो इतिहास वाचला तो या रक्ताच्या बाजूने, आणि ते योग्यच होते. मात्र त्यामुळे सीमा ओलांडणारा प्रत्येक जण मंदिरे जाळणाराच, असे आमच्याही मनाने ठरवून टाकले होते. गाठोड्यावर बसलेली आजीबाई त्या चित्रात कोठेच नव्हती. निर्वासित जसा यजमानाची कल्पना करतो, तसा यजमानही निर्वासिताची करतो. बहुधा अधिक घाईने.

जवळच्या एल्न गावी एका पडीक वाड्यात एलिझाबेथ आयडेनबेन्झ या तरुण शिक्षिकेने 1939 च्या अखेरीस प्रसूतिगृह उघडले. छावण्यांतील गर्भवती तेथे आणल्या जात. 1944 मध्ये जर्मनांनी ते बंद करविले, तोवर तेथे 597 बालके जन्मली. ही बाई फ्रेंच नव्हे, स्विस होती. आणि प्रॉटेस्टंट पाळकाची कन्या होती. तरीही त्या मातांच्या स्मरणात फ्रान्स म्हणजे ती धुतलेली चादरच राहिली असेल, असे आम्हांस वाटते.

त्याच लोंढ्यात कवी अंतोनियो माचादो होता. त्याने आयुष्यभर शाळेत फ्रेंच शिकविले होते. ज्या देशाची भाषा शिकवून पोट भरले, त्या देशात तो भिजून, आजारी, कागदपत्रांची पेटी गमावून पोहोचला. सोबत चौऱ्याऐंशी वर्षांची माता होती. कोलिऊर गावात शिरताना तिने सेव्हिल लवकर येईल ना, असे विचारल्याचे सांगतात. सेव्हिल हे तिचे माहेर. तिच्या लेखी परदेश आलाच नव्हता.

खाणावळीच्या मालकिणीने दोघांची शुश्रूषा केली. 22 फेब्रुवारी 1939, राखेच्या बुधवारी, माचादो वारला. तीन दिवसांनी माताही गेली. त्याला प्रथम दुसऱ्याच्या कबरीत उसनी जागा मिळाली. 1958 मध्ये मायलेकांस एकत्र स्वतःची कबर लाभली. तिच्यापाशी आता एक टपालपेटी आहे, आणि स्पेनहून येणारे लोक तिच्यात अजून पत्रे टाकतात.