भैरवाच्या हातातली कवटी

शिमगा आला की रत्नागिरीत बातमी एकाच पालखीची, श्रीदेव भैरीची. भाट्ये पुलावरूनही माणसं तिच्या दर्शनाला शहरात जातात. पालखी कशी नाचली, गर्दी किती लोटली, हे सगळं छापून येतं. ज्या भैरवाशी हे नाव जोडलेलं आहे, त्याच्या हातातल्या कवटीकडे मात्र फारसं कुणी वळत नाही.

कथा अशी: भैरवाने ब्रह्मदेवाचं पाचवं मस्तक छाटलं. ते हाताला चिकटलं ते काही केल्या सुटेना, शेवटी काशीत कपालमोचन तीर्थावर गळून पडलं. देवालाही झटकता न आलेलं ब्रह्महत्येचं पातक त्या कवटीत आहे.

युरोपातली कवटी थेट बघणाऱ्यालाच गाठते. होल्बाइनने 1533 साली रंगवलेल्या दोन मुत्सद्द्यांच्या चित्रात पायांशी एक तिरका, पांढुरका पट्टा दिसतो. बाजूला सरकून पाहिलं की त्याची कवटी होते. पोर्तुगिजांबरोबर ही रीत गोव्यात उतरली. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चच्या फरशीत थडग्यांच्या शिळा आहेत. घराण्यांची मानचिन्हं कोरलेल्या या शिळांपैकी काहींवर कवटी आणि हाडंही आहेत. आज माझी पाळी, उद्या तुझी, हा त्यांचा रोख.

आपल्याकडे कवटी देवाच्या अंगावर चढली. घारापुरीला अंधकासुरवधाच्या शिल्पात शिवाच्या मुकुटावर ती आहे, गळ्यात रुंडमाळ आहे.

पण मरण सर्वांत धीटपणे कोरलंय ते वेरूळला. सहली कैलास, म्हणजे 16 क्रमांकाचं लेणं, बघून परततात. अलीकडेच 14 नंबरला, ‘रावण की खाई’त, सप्तमातृका ओळीने बसल्या आहेत, जवळ मुलं, खाली प्रत्येकीचं वाहन. त्याच रांगेला लागून काल आणि काली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, पोट पाठीला लागलेलं, नुसता हाडांचा सापळा. एकविसाव्या लेण्यातही मातृकांशेजारी असेच सापळे आहेत. सहाव्या-सातव्या शतकातल्या त्या पाथरवटांनी तान्ह्या मुलांच्या पंगतीतच मरणाला जागा दिली, आणि त्यासाठी वेगळी भिंत शोधली नाही. होल्बाइनच्या हुशारीपेक्षा हे धाडस मोठं आहे. शाळेच्या सहलीत कैलासाआधी दहा मिनिटं इथं काढायलाच हवीत, आणि मुलं घाबरतील म्हणून शिक्षकांनी त्यांना पुढे ढकलू नये.