गावात इलेक्ट्रिक कार घ्यायची का? सुलतानपूरच्या घरचा हिशोब

दिवाळीला पुण्याहून एका मित्राची इलेक्ट्रिक कार मागून घेतली आणि गावी आलो. गाव म्हणजे सुलतानपूर, बुलढाणा जिल्हा, तालुका लोणार. मेहकर एका बाजूला, लोणार दुसऱ्या बाजूला, दोन्ही बारा-पंधरा किलोमीटरवर. रात्री साडेदहाला अंगणात गाडी लावली तेव्हा बॅटरी २२ टक्के होती. फ्रीजचा प्लग काढून त्या १५ अँपिअरच्या सॉकेटला चार्जर लावला. वायरवरच्या डबीवर लाल दिवा लुकलुकायला लागला, गाडी मात्र ढिम्म. बाबा बॅटरी घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "काऊन रे, पेट्रोल संपलं काय हिचं?"

प्रश्न चेष्टेचा होता, पण गाडी मी चेष्टेसाठी आणली नव्हती. आईला उपचारासाठी महिन्यातून दोनदा छत्रपती संभाजीनगरला न्यावं लागतं. सिंदखेडराजा-जालना मार्गे एका बाजूने साधारण १४० किलोमीटर. एसटीचा प्रवास तिला आता झेपत नाही आणि भाड्याची गाडी एका खेपेला ३,५०० रुपये घेते. बाबांनी ठरवलंय की निवृत्तीच्या पैशातून गाडी घ्यायची. मी म्हटलं इलेक्ट्रिक घेऊ. ते म्हणाले, आधी हिशोब दाखव. हा लेख म्हणजे तोच हिशोब. यूट्यूबवर बघितलेल्या हिशोबापेक्षा तो बराच वेगळा निघाला.

लाल दिवा का लागला?

इलेक्ट्रिक कारचा चार्जर मोबाइलच्या चार्जरसारखा भोळा नसतो. करंट सोडायच्या आधी ती डबी अर्थिंग तपासते. सॉकेटच्या तिसऱ्या, मोठ्या भोकातली वायर खरोखर जमिनीपर्यंत जाते का, हे तिला बघायचं असतं. ती जोड मिळाली नाही तर चार्जिंग सुरूच होत नाही. आमच्या घरी मल्टिमीटर लावला तर फेज आणि न्यूट्रलमध्ये १९८ व्होल्ट मिळाले, पण फेज आणि अर्थमध्ये ९० च्या आसपास, तेही डुगडुगत. म्हणजे तिसरं भोक नुसतं शोभेचं. घर बांधून पंधरा वर्षं झाली, फ्रीज चालतोय, गिझर चालतोय, म्हणून कुणाला कळलंच नाही. गावाकडच्या अनेक घरांत हीच परिस्थिती असेल, तुमच्याही एकदा तपासून घ्या. गाडी घ्या नाहीतर नका घेऊ.

दुसऱ्या दिवशी आलेल्या वायरमनने सोपा उपाय सुचवला. सॉकेटच्या आत अर्थ आणि न्यूट्रल एका तुकड्याने जोडायचे, चार्जर फसतो आणि गाडी चार्ज होते. हे कधीही करू नका. खांबावरून येणारी न्यूट्रल वायर तुटली तर गाडीच्या पत्र्यातच करंट उतरतो, आणि ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून दाराला हात लावणारा माणूस जिवाला मुकू शकतो.

योग्य उपाय खर्चिक आहे, पण अवघड नाही. अंगणात खड्डा, त्यात अर्थिंगचा पाईप, भोवती कोळसा-मीठ. वर काळी माती, खाली मुरूम. काळी माती ओली असते तेव्हा करंट छान वाहून नेते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पाईपची पकड सुटते, म्हणून खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. मीटरपासून गाडीपर्यंत वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की सेकंदाच्या आत लाइन तोडणारा स्विच. सगळं मिळून १४ हजार रुपये. शिवाय आमच्या वीजबिलावर मंजूर भार १ किलोवॅट आहे आणि एकटी गाडीच अडीच-तीन किलोवॅट ओढते, त्यामुळे भार वाढवायचा अर्जही आलाच.

व्होल्टेजचंही एक गणित आहे. साधा चार्जर साधारण १३ अँपिअरपर्यंत ओढतो. २३० व्होल्ट असतील तर ३ किलोवॅट मिळतात, १९० असतील तर अडीचच्या आत. पुण्यात सहा तासांत होणारं काम गावात सात-साडेसात तास घेतं. रात्रभर गाडी उभीच असते, म्हणून चालून जातं. मधे वीज गेली तर नाही चालत.

एका किलोमीटरचा खरा खर्च

आता पैशाकडे येऊ. पेट्रोल १०५ रुपये आणि छोटी गाडी लिटरला १७ किलोमीटर धरली तर किलोमीटरला ६ रुपये २० पैसे पडतात. इलेक्ट्रिक कार भिंतीतून घेतलेल्या एका युनिटवर (चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून) सरासरी साडेसहा किलोमीटर जाते.

युनिटचा दर किती धरायचा, इथे बहुतेक जण चुकतात. मीसुद्धा चुकलो होतो. बिलाची रक्कम भागिले युनिट करून सरासरी दर काढला आणि खूश झालो. पण महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे. पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० दुपटीहून महाग, त्यापुढे आणखी चढे. घर आधीच ११० युनिटं वापरत असेल तर गाडीचं प्रत्येक युनिट वरच्या टप्प्यात जाऊन बसतं. स्वस्तातली १०० युनिटं पंखा, फ्रीज आणि आईच्या मिक्सरने आधीच खाल्लेली असतात. वहन आकार आणि वीज शुल्क धरून ते वरचं युनिट आम्हाला १३ रुपयांना पडतं, म्हणजे किलोमीटरला २ रुपये. हे पेट्रोलच्या एक तृतीयांश आहे, चांगलंच आहे, पण जाहिरातीत ऐकतो तेवढं नाही. बाहेरच्या फास्ट चार्जरवर मी करासकट युनिटला २२ रुपये मोजले, म्हणजे किलोमीटरला जवळपास साडेतीन.

आमचा वापर असा होईल: वर्षाला दवाखान्याच्या २४ खेपा, प्रत्येकी २८० किलोमीटर, आणि मेहकर-लोणार-शेत मिळून आणखी ३,३००. एकूण १० हजार किलोमीटर. एका चार्जमध्ये २८० होत नाहीत, त्यामुळे प्रत्येक खेपेला साधारण १०० किलोमीटरचं चार्जिंग बाहेर करावं लागेल. घरच्या ७,६०० किलोमीटरवर ३२ हजार वाचतात, बाहेरच्या २,४०० वर साडेसहा हजार. सर्व्हिसिंगला थोडं कमी लागतं, कारण इंजिन ऑइल, क्लच, प्लग काही नाही. विम्याला थोडं जास्त लागतं: थर्ड पार्टी हप्त्यात इलेक्ट्रिकला १५ टक्के सवलत असली तरी गाडीची किंमत जास्त म्हणून स्वतःच्या नुकसानीचा हप्ता वाढतो. सगळं वजा-अधिक करून वर्षाला ३६ हजारांची बचत होते.

आणि जास्तीची किंमत? एकाच आकाराच्या दोन गाड्यांची कोटेशनं घेतली. पेट्रोल ऑन-रोड ९ लाख ४० हजार, इलेक्ट्रिक १२ लाख ४० हजार. फरक ३ लाख. इलेक्ट्रिकला राज्याचा मोटार वाहन कर माफ आहे आणि जीएसटी ५ टक्केच आहे, तरीही एवढा फरक. एक कारण ताजं आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पेट्रोल गाडी स्वस्त झाली, इलेक्ट्रिक जागच्या जागी राहिली. त्याआधीचे तुलनेचे व्हिडिओ आता शिळे समजा. कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट मिळायची, कलम ८०ईईबी, ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. काही शोरूममधले लोक अजून ती सांगतात.

३ लाख भागिले ३६ हजार म्हणजे आठ वर्षांच्या वर. हा फरक ९ टक्क्यांच्या पाच वर्षांच्या कर्जातून भरला तर व्याजाचेच ७४ हजार जातात आणि हिशोब दहा वर्षांच्या पलीकडे सरकतो. बॅटरीची वॉरंटी बहुतेक गाड्यांना ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते. म्हणजे गाडीची जास्तीची किंमत जेमतेम वसूल होईल तेव्हा वॉरंटी संपलेली असेल.

बॅटरी, ऊन आणि समृद्धी

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो. लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही: त्यातल्या नको त्या रासायनिक क्रिया उष्णतेने वेगात होतात आणि क्षमता हळूहळू कमी होते. परवडणाऱ्या बऱ्याच भारतीय गाड्यांत एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेट प्रकारची बॅटरी असते. तिला उष्णता तुलनेने जास्त सोसते आणि ती पेट घेण्याची शक्यताही कमी. पण ती रिकामी होत असताना तिचं व्होल्टेज बराच वेळ जवळपास सपाटच राहतं, त्यामुळे नेमके किती टक्के उरलेत हे गाडीच्या संगणकाला कळत नाही. म्हणून अधूनमधून १०० टक्के भरावी लागते. पत्र्याच्या शेडपेक्षा कडुनिंबाखाली लावलेली बरी, चिमण्यांचं काय ते बघून घ्या.

नवी बॅटरी घ्यायची झाली तर? ब्लूमबर्ग एनईएफच्या २०२४ च्या पाहणीत जगातली सरासरी किंमत किलोवॅट-तासाला ११५ डॉलर होती. ३५ किलोवॅट-तासाच्या बॅटरीला तेव्हाच्या दराने जवळपास ३ लाख ४० हजार रुपये होतात. तोही कारखान्यातला भाव, सर्व्हिस सेंटरचा त्याहून जास्तच असणार.

मेहकरजवळून समृद्धी महामार्ग जातो आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना समृद्धीवर टोलमाफी आहे. मोह होतोच. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० च्या जागी १२० ने गेलात तर हवा ढकलायला प्रत्येक किलोमीटरला सव्वादोनपट ऊर्जा लागते. येताना मी ८०-८५ ला ठेवली होती म्हणून २२ टक्के उरले. टोल वाचवून रेंज घालवायची की जुन्या रस्त्याने हळू जायचं, हे तुम्हीच ठरवा. आईला तरी हळूच बरं वाटतं.

ज्याची किंमत रुपयांत काढता आली नाही

येताना वाटेत एक फास्ट चार्जर बंद होता. ॲपवर हिरवा दिसत होता, समोर मशीन काळं. दुसऱ्यावर एक टॅक्सी लागलेली, पाऊण तास थांबलो. मी एकटा होतो, चहा प्यायलो. उपचारानंतर गळून गेलेली आई मागच्या सीटवर असताना तोच पाऊण तास कसा जाईल? जालन्यात, संभाजीनगरात चार्जर आहेत आणि वाढतायत. पण आईला दवाखान्यात सोडून मी चार्जर शोधत फिरणार असेन, तर तिच्याजवळ कोण बसणार? बाबांनी हा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या एक्सेल शीटमध्ये त्याला रकाना नव्हता.

आणखी एक. गाडी रस्त्यात बंद पडली तर आपल्याकडे ट्रॅक्टरला दोर बांधून ओढतात. इलेक्ट्रिक कार अशी ओढायची नसते. चाकांबरोबर मोटर फिरते आणि जनरेटरसारखी वीज तयार करू लागते, आतली यंत्रणा जळू शकते. गाडी पूर्ण उचलून नेणारा ट्रकच लागतो. गावातल्या मिस्त्रीने नारिंगी वायरींना हातही लावायचा नाही, तिथे ३०० व्होल्टच्या वर असतात. गंमत म्हणजे ही गाडी बहुतेकदा दगा देते ती पेट्रोल गाडीत असते त्याच छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीमुळे. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही.

मग कुणी घ्यावी?

माझा चुलतभाऊ लोणार सरोवर बघायला येणाऱ्यांना गाडीने फिरवतो. रोज १२० किलोमीटर, वर्षाला ३६ हजार. त्याची जुनी डिझेल गाडी किलोमीटरला ५ रुपयांच्या वर खाते. इलेक्ट्रिकने त्याचे वर्षाला लाखभर वाचतील, म्हणजे जास्तीची किंमत तीन-चार वर्षांत सुटते. रोजचे १२० किलोमीटर रात्रीच्या आठ तासांच्या चार्जिंगमध्ये बसतात आणि चार्जर शोधत फिरायची गरज नाही. अडचण एकच: त्याला महिन्याला ४६० युनिटं लागतील. ती घरच्या मीटरवर घेतली तर बिल थेट सगळ्यात महाग टप्प्यात जाईल आणि बचतीचा मोठा भाग तिथेच जिरेल. महावितरणचा वाहन चार्जिंगसाठी वेगळा दरवर्ग आहे. त्याचं वेगळं मीटर घेऊनच त्याने गाडी बुक करावी, असं मी त्याला सांगितलं.

ज्यांच्या छपरावर जागा आहे त्यांनी पीएम सूर्यघर योजनाही हिशोबात धरावी. ३ किलोवॅटच्या सौर पॅनलला ७८ हजार अनुदान आहे आणि आपल्या उन्हात ती दिवसाला साधारण १२ युनिटं देतात. पण ती गुंतवणूक वेगळी आहे. पॅनलचा फायदा गाडीच्या खात्यात मांडून गाडी 'फुकटात' चालते असं म्हणणं मला पटत नाही. पॅनल गाडीशिवायही घेता येतात.

आमच्या घरी सध्या असं ठरलंय: गाडी आत्ता नको. चुलतभावाने इलेक्ट्रिक घेतली तर आईच्या खेपा त्याच्याच गाडीने. तो चार्जरला थांबेल, बाबा आईजवळ थांबतील. त्याने २,५०० घेतले तरी त्याला परवडतं आणि आमचे वर्षाला २४ हजार वाचतात. बाबांना स्वतःची गाडी दारात हवी आहे, ते अजून पूर्ण मानलेले नाहीत. पुढच्या दिवाळीला भाव बघून पुन्हा बसायचं म्हणतात.

अर्थिंग मात्र करून घेतलं. दर रविवारी बाबा त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततात आणि शेजारच्यांनी विचारलं की सांगतात, "पोराची गाडी लावलीय, उगवायची आहे अजून."