ताम्हिणी उतरताना दुसरा गिअर

पहाटे साडेचार

पौडच्या बाहेर, रस्त्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाच जुन्या गाड्या ओळीने उभ्या आहेत आणि मिस्त्री एकेकीच्या खाली वाकून बॅटरीचा झोत मारताहेत. रात्री त्यांनी प्रत्येक गाडीखाली वर्तमानपत्रं पसरून ठेवली होती. त्यांवर पडलेले डाग वाचणं हे दिवसाचं पहिलं काम. काळा, दाट डाग इंजिन ऑइलचा. तो त्यांना मान्य आहे. हिरवट पाण्याचा डाग दिसला की होजच्या क्लिपा आवळायच्या. पण चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, बिनरंगी ओल दिसली तर ती गाडी शेडमधून हलत नाही, कारण ते ब्रेक ऑइल असतं आणि आज ताम्हिणी उतरायची आहे.

आज सगळे कागद चालण्यासारखे आहेत.

पाचांत एक मॉरिस मायनर, एक फियाट अकराशे, एक स्टँडर्ड हेराल्ड, एक महिंद्राची विलीज जीप आणि एक १९२९ ची ऑस्टिन सेव्हन. जाणकारांच्या काटेकोर हिशेबात १९१९ ते १९३० मधली गाडीच व्हिंटेज. म्हणजे इथे तो मान एकट्या ऑस्टिनचा, बाकीच्या क्लासिक. सरकारचा हिशेब सोपा आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटली आणि गाडी मूळ रूपात असली की ती व्हिंटेज. तिला नंबरपाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये पडतात, आणि मग ती रोज बाजारात न्यायची नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरताच रस्ता तिचा. मिस्त्रींच्या मते या यादीतला शेवटचा शब्दच खरा.

मालकांसाठी ही दिवेआगर-श्रीवर्धनची सहल आहे. मिस्त्रींसाठी कामाचा दिवस. मी त्यांच्या छोट्या हत्तीत, म्हणजे मागून येणाऱ्या हत्यारांच्या गाडीत बसलो आहे, कारण मला सहलीपेक्षा हे काम बघायचं होतं.

सहा

हत्तीच्या हौद्यात काय काय आहे ते मिस्त्रींचा भाचा मला दाखवतो. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, फॅन बेल्ट, प्लग, ब्रेक ऑइलच्या बाटल्या, पाण्याचे कॅन. हे अपेक्षितच. त्याखाली एका डब्यात तांब्याची तार, सायकलची जुनी ट्यूब कापून केलेल्या पट्ट्या, धुण्याच्या साबणाची वडी आणि हळदीची पुडी. पेट्रोलची टाकी पाझरायला लागली तर भेगेवर साबण चोळायचा. रेडिएटरला बारीक भोक पडलं तर पाण्यात हळद सोडायची. “हे गावाला पोचेपर्यंतचं औषध,” भाचा म्हणतो. “मामा घरी गेल्यावर पुन्हा नीट करायला लावतात.”

गाड्या सुरू होतात त्या आपापल्या स्वभावानुसार. जीप पहिल्या सेल्फला. फियाट चोक ओढून, दोनदा विझून. ऑस्टिनला मिस्त्री स्वतः हँडल मारतात, अंगठा मुठीच्या वर न घेता चार बोटांच्याच बाजूला ठेवून. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो, ही शिकवण त्यांच्या उस्तादाची.

पावणेसात

मुळशीच्या जलाशयावर धुकं आहे. काका (फियाटचे मालक, त्यांना सगळेच काका म्हणतात) फोटोसाठी थांबायचा हट्ट धरतात आणि मिस्त्री लगेच हो म्हणतात. गाडी पहिल्यांदा नीट गरम झाल्यावर एकदा थांबून बघावीच लागते. मालकांना वाटतं, थांबा निसर्गासाठी आहे. बोनेट उघडून होज चाचपताना मिस्त्री काही बोलत नाहीत.

हे पाणी बघण्यासारखं आहे आणि आठवण्यासारखंही. मुळा नदीवरच्या टाटांच्या या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिलं. १९२४ पर्यंत लढा चालला आणि धरण झालंच. १९२७ पासून इथलं पाणी डोंगराच्या पोटातून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात पडतं आणि पुढे कुंडलिकेला मिळतं. देशावर पडलेला पाऊस असा कोकणातून समुद्राला जातो. आपणही आज तिकडेच निघालो आहोत, फक्त पाण्याला ब्रेक लावावे लागत नाहीत.

साडेसात ते साडेनऊ

माले, पळसे, निवे, ताम्हिणी. इथपर्यंत रस्ता चढत-उतरत जलाशयाच्या कडेने जातो. डोंगरवाडी मागे पडली की जमीन संपल्यासारखी वाटते, आणि मिस्त्री सगळ्यांना बाजूला घेऊन उभं करतात.

त्यांचं भाषण लहान असतं. ज्या गिअरमध्ये हा घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचा. फियाट, मॉरिस, हेराल्ड दुसऱ्यात, अवघड वळणाला पहिल्यात. न्यूट्रल कुणी करायचं नाही. पाय ब्रेकवर ठेवून द्यायचा नाही. दाबायचा तो जोरात, थोडाच वेळ, आणि सोडायचा. “इंजिन आवरंल गाडीला. ब्रेक नुसता इंजिनाला मदतीला हाय.”

या सगळ्या गाड्यांना ड्रम ब्रेक आहेत. ड्रम तापला की फुगतो, लायनर गुळगुळीत होऊन घसरायला लागतं, आणि पेडल नेहमीसारखं दाबूनही गाडी थांबेनाशी होते. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्याने हवेतली ओल शोषलेली असते. ते उकळतं, पाइपात वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. नव्या गाडीत बसलेल्या माणसाला हा घाट म्हणजे धबधबे आणि मक्याची कणसं. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीत तो गणिताचा पेपर असतो.

ऑस्टिनची गोष्ट आणखी वेगळी. ७४७ सीसीचं इंजिन आणि तारेने ओढले जाणारे ब्रेक. १९३० च्या आधीच्या या गाड्यांमध्ये पायाचा ब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि हाताचा पुढच्या. म्हणजे नीट थांबायचं तर एक हात स्टिअरिंगवरून काढावा लागतो, तोही वळणावर. तिचे मालक डॉक्टरसाहेब ती पहिल्या गिअरमध्ये उतरवतात आणि तिचं इंजिन सगळ्या दरीला ऐकू जातं. तिच्या पुढे जीप, मागे आमचा हत्ती, धोक्याचे दिवे लावून. विळे-भागाडच्या एमआयडीसीतून वर येणारे ट्रेलर वळणावर अख्खा रस्ता घेतात. तिथे आमची ओळ कडेला लागते, आणि ट्रेलरवाले रागवायच्या ऐवजी काच खाली करून हसतात. एकाने तर घाटातच ट्रेलर थांबवून विचारलं, “विकायची का?”

अर्ध्या घाटात मिस्त्री हात बाहेर काढून सगळ्यांना थांबवतात. ते प्रत्येक चाकापाशी जाऊन, न शिवता, तळहात ड्रमच्या जवळ धरतात. मॉरिसचं पुढचं डावं चाक जास्त तापलंय, करपट वासही आहे. “वैनी, तुमचा पाय ब्रेकवर होता.” मॉरिसवाल्या वहिनी म्हणतात, नव्हता. मिस्त्री मान डोलावतात आणि पंधरा मिनिटं कुणालाच हलू देत नाहीत. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू का, असं विचारणाऱ्या जीपवाल्या दादांना जे उत्तर मिळतं ते इथे लिहिता येणार नाही. गरम बिडाला गार पाणी लागलं की तडा जातो.

माझ्या मते या सहलीचा खरा माल इथे आहे, किनाऱ्यावर नाही. समुद्र कुठल्याही गाडीने गाठता येतो.

अकरा

विळे, निजामपूर, माणगाव. मुंबई-गोवा रस्त्याच्या तोंडाशी गाड्यांची रांग, ऊन चढलेलं, आणि फियाट खोकून बंद.

काका उतरून आधी वालचंद हिराचंदांचं नाव घेतात. ही त्यांची सवय आहे. वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज आणि प्लिमथ निघाल्या, मग फियाट आल्या. हीच अकराशे पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईची टॅक्सी. काकांच्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे आणि पहिला गिअर चालत्या गाडीत टाकायला दोनदा क्लच मारावा लागतो. हे सगळं ते मागच्या मोटारसायकलवाल्याला सांगत असतात, तोवर मिस्त्रींनी बोनेट उघडलेलं असतं.

कार्बोरेटरमध्ये पेट्रोल नाही. टाकीत आहे. मधल्या पंपात वाफ झाली आहे. पंप इंजिनाला चिकटलेला, गाडी उभी, वारा नाही. पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. भाचा ओलं फडकं पंपावर गुंडाळतो, त्यावर थोडं थोडं पाणी. इथे पाणी चालतं, ड्रमवर नाही. मिस्त्रींचा राग इथेनॉलवर आहे. २०२५ पासून पंपावर सर्रास वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुन्या गाड्यांच्या रबराला फुगवतं, पंपाचा पडदा आणि पाइप खातं. गाड्या तापून बंद पडण्याचं प्रमाण त्यामुळेच वाढलं, असं त्यांचं ठाम म्हणणं. त्यांनी फियाटचे सगळे रबरी पाइप बदलून टाकले आहेत, पडदाही.

गंमत अशी की सगळ्यांत म्हातारी ऑस्टिन शेजारी निवांत धुगधुगत उभी आहे. तिची टाकी इंजिनापेक्षा उंच, डॅशबोर्डच्या पुढे. पेट्रोल आपसूक खाली उतरतं. पंपच नाही तर बिघडणार काय? पाण्यालाही पंप नाही, गरम पाणी वर चढतं, गार खाली येतं, तेवढ्यावर इंजिन गार राहतं.

वीस मिनिटांनी फियाट सुरू.

दीड

मोर्बा, साई, म्हसळा, बोर्ली. रस्ता दिघी बंदरामुळे रुंद झालाय, सांगण्यासारखं काही घडत नाही. दिवेआगरला खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवलेले उकडीचे मोदक, आमटी-भात, सोलकढी. जेवण झाल्यावर मंडळी सुवर्णगणेशाला जातात. १९९७ मध्ये सुपारीच्या बागेत सापडलेला तो सोन्याचा मुखवटा २०१२ मध्ये चोरीला गेला. २०२१ मध्ये त्याच्या जागी नवा बसवला. दोघे-तिघे तिथूनच रूपनारायणाची शिलाहारकालीन मूर्ती बघून येतात.

मिस्त्री सुपारीच्या सावलीत चटई टाकून हेराल्डखाली शिरलेले आहेत. हेराल्ड त्यांची लाडकी. मद्रासला १९६१ पासून तयार झालेल्या या गाडीचं बोनेट मडगार्डांसकट पुढे कलतं आणि अख्खं इंजिन उघडं पडतं. कमरेत न वाकता काम होतं. आज मात्र काम मागच्या चाकात आहे. घाटानंतर उजव्या चाकाच्या आत ओल आली आहे. सिलिंडरचं रबर गेलंय. सोबत आणलेल्या डब्यात मापाचं रबर सापडतं, तेव्हा भाचा शीळ घालतो. मग तो पेडल दाबणार, मामा चाकाशी निपल सोडून हवा काढणार. “दाब. धर. सोड.” हे कितीतरी वेळ. मालक परततात तेव्हा चाक जागेवर बसलेलं असतं आणि त्यांना कळतही नाही की काही उतरलं होतं.

साडेचार

शेखाडी, आरावी, श्रीवर्धन. आता रस्ता समुद्राला घासून जातो. ज्या शेखाडीच्या किनाऱ्यावर १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांची स्फोटकं उतरली, ती आता मासेमारीच्या होड्यांची शांत वाडी आहे. पाचही गाड्या चाळीसच्या वेगाने, काचा खाली करून जातात. या तासाभरात मिस्त्रींना काहीच काम नाही. ते खिडकीतून कान बाहेर काढून बसतात. जीपचं एक टॅपेट वाजतंय. उद्या बघू.

लंडनहून ब्रायटनच्या समुद्रापर्यंत १९०५ च्या आधीच्या गाड्या दर नोव्हेंबरात निघतात, १८९६ च्या फेरीची आठवण म्हणून. तिथला रस्ता साठ मैलांचा. डॉक्टरसाहेब त्याचं कौतुक सांगत होते. मला वाटतं, त्यांच्या वाटेत ताम्हिणी नाही.

श्रीवर्धनला बाळाजी विश्वनाथांच्या गावात चहा. हा माणूस इथून घाट चढून वर गेला आणि १७१३ मध्ये पेशवा झाला. दादांचं लक्ष मात्र वाळूकडे आहे. ओहोटी लागलीय, वाळू कडक दिसतेय, जीपला चारही चाकांना जोर आहे, मावळतीच्या उजेडात फोटो येईल. मिस्त्री नाही म्हणतात. दादा समजावतात. मिस्त्री पुन्हा नाही म्हणतात, आणि यावेळी कारण देतात: वाळूत रुतली तर काढता येईल, पण खारं पाणी चासीच्या घडीत गेलं तर ते चार वर्षांनी बाहेर येतं, पत्र्यासकट.

रात्री दहा

दिवेआगरला परत. अंगणात नळाला पाइप लावून गोड्या पाण्याने सगळ्या गाड्यांची पोटं धुतली जातात. समुद्रापासून शंभर पावलांवर गाडी उभी केली तरी रात्रभरात पत्र्यावर मीठ बसतं. भाचा मडगार्डांच्या आतून पाणी मारतो, मिस्त्री वहीत लिहितात: मॉरिस, पुढचं डावं, लायनर बघणे. जीप, टॅपेट. फियाट, उद्या माणगाव अकराच्या आत पार करणे. परतीला घाट चढायचा आहे आणि चढताना पाणी उकळतं, म्हणून सकाळी सहाला निघायचं ठरतं. वहिनी आठ म्हणतात, साडेसहावर तोडगा निघतो.

मंडळी झोपायला जातात. दादा जाताना सहज विचारतात, सकाळी ओहोटी किती वाजता असते हो?

मिस्त्री म्हणतात, माहीत नाही. मग दादांच्या खोलीतला दिवा विझेपर्यंत थांबून ते जीपचं बोनेट उचलतात, डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं, झाकण काढतात, आतला रोटर उपसून सदऱ्याच्या खिशात टाकतात आणि झाकण पूर्वीसारखं बसवतात.

“सेल्फ मारतील, करंट येणार नाय,” भाचा हळूच म्हणतो.

“मग मला उठवतील,” मिस्त्री म्हणतात. “साडेसहाला.”