परकीय गुंतवणूकदारांचे संरक्षण आणि शासनाचा नियमनाधिकार

परदेशी कंपनी आपल्या देशात भांडवल गुंतवते, तेव्हा बाजारपेठेतील चढउतारांखेरीज आणखी एक जोखीम ती पत्करत असते. उद्या कायदा बदलला, परवाना रद्द झाला किंवा मालमत्ता शासनाने ताब्यात घेतली, तर दाद कोणाकडे मागायची? या प्रश्नाच्या उत्तरादाखल द्विपक्षीय गुंतवणूक करार अस्तित्वात आले. असा पहिला करार १९५९ मध्ये पश्चिम जर्मनी व पाकिस्तान यांच्यात झाला. उदारीकरणानंतर भारताने १९९४ मध्ये ब्रिटनशी पहिला करार केला आणि पुढील काळात ऐंशीहून अधिक देशांशी असे करार केले.

करारातील आश्वासने

या करारांत सामान्यतः चार हमी असतात : न्याय्य व समन्यायी वागणूक, इतर परदेशी गुंतवणूकदारांच्या तुलनेत दुजाभाव न करणे, भरपाईविना मालमत्ता हिरावून न घेणे आणि नफा व भांडवल मायदेशी नेण्याची मुभा. वचनभंग झाल्यास गुंतवणूकदार थेट आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाऊ शकतो. ही तरतूद सर्वांत महत्त्वाची होय. कारण तिच्यामुळे एक खाजगी कंपनी सार्वभौम राष्ट्राला प्रतिवादी करू शकते.

भारताचा अनुभव

व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने १९८९ मध्ये कोल इंडियाशी पिपरवार कोळसा खाणीसाठी करार केला होता. पुढे वाद उद्भवून २००२ मध्ये व्यापारी लवादाने कंपनीच्या बाजूने निवाडा दिला. परंतु त्याची अंमलबजावणी आपल्या न्यायालयांत वर्षानुवर्षे रखडली. अखेर कंपनीने भारत-ऑस्ट्रेलिया कराराचा आधार घेतला. त्या करारात दाद मिळण्याच्या परिणामकारक साधनांची हमी नव्हती. ती भारत-कुवेत करारात होती. 'सर्वाधिक अनुकूल राष्ट्र' या कलमाद्वारे ती उसनी घेऊन लवादाने नोव्हेंबर २०११ मध्ये भारताला भरपाई देण्यास फर्मावले. एका करारातील शब्द दुसऱ्या करारात कसे शिरतात, हे तेव्हा आपल्या ध्यानी आले.

त्यानंतरचे वाद करांचे होते. व्होडाफोनच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये निर्णय दिल्यावर, त्याच वर्षी प्राप्तिकर कायद्यात पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्ती करण्यात आली. सप्टेंबर २०२० मध्ये व्होडाफोनच्या आणि डिसेंबर २०२० मध्ये केर्न एनर्जीच्या प्रकरणात निवाडा भारताच्या विरुद्ध गेला. केर्नला सुमारे १२० कोटी डॉलर व त्यावरील व्याज देय ठरले. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने कायद्यात बदल करून पूर्वलक्षी मागण्या मागे घेण्याचा मार्ग मोकळा केला.

नियमन म्हणजे स्वामित्वहरण नव्हे

नाण्याची दुसरी बाजूही पाहणे अगत्याचे आहे. ऑस्ट्रेलियाने २०११ मध्ये सिगारेटच्या पाकिटांवरील आकर्षक बोधचिन्हांना मनाई केली, तेव्हा फिलिप मॉरिसच्या आशियाई कंपनीने हाँगकाँगशी असलेल्या कराराखाली दावा गुदरला. वाद दृष्टिपथात आल्यावर कंपनीने केवळ कराराचा लाभ घेण्यासाठी आपल्या समभागांची फेररचना केली, असे ठरवून लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये दावा फेटाळला. उरुग्वेविरुद्धचा अशाच स्वरूपाचा दावा २०१६ मध्ये गुणावगुणांवरच फेटाळला गेला. सार्वजनिक आरोग्यासाठी केलेले प्रामाणिक नियमन हा शासनाचा रास्त अधिकार आहे, असे तेथे मान्य झाले. तथापि, असे दावे लढण्याचा खर्च व काळ लहान राष्ट्रांना जड जातो आणि दाव्याच्या धास्तीनेच हितकर कायदे लांबणीवर पडू शकतात.

नवा आराखडा

या अनुभवांतून भारताने २०१६ पासून नवा आदर्श मसुदा स्वीकारला. त्यातून सर्वाधिक अनुकूल राष्ट्राचे कलम वगळले, करविषयक बाबी कराराबाहेर ठेवल्या आणि लवादाकडे जाण्यापूर्वी पाच वर्षे देशांतर्गत उपाययोजना अवलंबण्याची अट घातली. जुने बहुतेक करार संपुष्टात आणले गेले. मात्र अतिकठोर अटींनी भागीदार राष्ट्रे बिचकतात, हेही दिसून आले. संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आलेल्या करारात ही मुदत तीन वर्षांवर आली. २०२५ च्या अर्थसंकल्पात मसुद्याच्या फेरआखणीचे सूतोवाच झाले.

आज भारतीय उद्योगही परदेशांत मोठी गुंतवणूक करीत आहेत. तेथे त्यांनाही हेच संरक्षण हवे असते. बँक कर्ज देताना तारण आणि शर्ती दोन्ही पारखते, तसाच हा व्यवहार आहे. हमी इतकी सैल नको, की भांडवलाचा विश्वास उडावा. आणि इतकी आवळ नको, की जनहिताचा कायदा करताना शासनाचा हात अडखळावा. निवाड्याची रक्कम अखेर करदात्याच्या खिशातून जाते. म्हणूनच करारातील प्रत्येक शब्द तोलून लिहिणे, हीच खरी दूरदृष्टी होय.