बेबी कालवा आणि चेव्हनिंगचा अर्ज

परदेशी शिष्यवृत्ती म्हणजे विद्यापीठात पहिल्या येणाऱ्याचे बक्षीस, हा समज शिरूर-दौंडपासून नागपूरपर्यंत सगळीकडे पक्का आहे. दहावी-बारावीच्या सत्कारांनी तो आपल्या अंगी मुरवला आहे. पण पैसे देणारा मागच्या निकालासाठी देत नसतो, पुढे काहीतरी घडावे म्हणून देतो. महाराष्ट्रातले सगळ्यात मोठे उदाहरण पाहावे. भीमराव आंबेडकर 1907 साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना 750 पैकी 282 गुण होते. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड दिले आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. संस्थानाला माणूस घडवायचा होता आणि तो कामालाही लावायचा होता. ती एका राजाची उदारता होती, आज गुणांची अट असते, असे कोणी म्हणेल. असते खरी. अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स शिष्यवृत्तीत ती 55 टक्के आहे. म्हणजे तो उंबरठा आहे, शर्यत नव्हे. त्याच योजनेत किमान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव मागतात, आणि तीन वर्षांची पदवी असेल तर वर पदव्युत्तर पदवीही. गुणपत्रिकेवर डोळे लावून बसलेला उमेदवार अडतो तो या दुसऱ्या अटीपाशी.

दुसरा समज यातूनच निघतो: आमच्या तालुक्यात दाखवण्यासारखे काय आहे? खरे तर भरपूर आहे. पुण्याचे प्रक्रिया केलेले सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलून बेबी कालव्याने हवेली-दौंडच्या शेतीकडे सोडले जाते. शहर पाणी वापरते, खालचा तालुका त्याचे सांडपाणी शेताला देतो, हा प्रश्न जलव्यवस्थापन शिकवणाऱ्या कुठल्याही विद्यापीठात अभ्यासाचा विषय ठरेल. शिरूरच्या उसात बिबट्या वस्ती करून आहे. माणूस आणि वन्यजीव यांच्या संघर्षावर लिहायला त्याहून जवळची जागा कोणती? शिरूर तालुक्यातल्याच पाबळला डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीने अमेरिकेबाहेरच्या आपल्या पहिल्या काही फॅब लॅबपैकी (डिजिटल यंत्रांवर वस्तू घडवण्याच्या कार्यशाळांपैकी) एक उभारायला हेच गाव निवडले. जगाला इथल्या कामात रस असू शकतो, याला यापेक्षा वेगळा पुरावा लागू नये. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती दोन वर्षांचा, म्हणजे 2,800 तासांचा अनुभव मागते. त्यात अर्धवेळ आणि स्वयंसेवी कामही धरले जाते. तिच्या निबंधांत तुम्ही काय पुढाकार घेतला, कोणाला बरोबर घेतले, परतून काय करणार, हे विचारतात. ‘मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे’ या वाक्याने तिथे काही साधत नाही. कोणत्या गावात, कोणत्या अडचणीवर, किती शेतकऱ्यांसोबत काम केले, हे लिहिले तर साधते.

‘पण इंग्रजीचे काय?’ हा आक्षेप हलका नाही. मुलाखत इंग्रजीतच होते आणि शहरातल्या मुलाला तिचा सराव असतो. ही विषमता नाकारण्यात अर्थ नाही. मात्र तिच्यावर उपाय म्हणून एजंटकडून निबंध लिहून घेणे म्हणजे स्वतःचे एकमेव भांडवल टाकून देणे. उसना निबंध गुळगुळीत असतो आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो. शिवाय एजंटला पैसे मोजायचे कशाला? चेव्हनिंग किंवा फुलब्राइट-नेहरूच्या अर्जाला शुल्कही नसते.

आधी प्रवेश आणि मग शिष्यवृत्ती, हा क्रमही सगळीकडे चालत नाही. चेव्हनिंगचा अर्ज प्रवेश हाती नसतानाही करता येतो. युरोपच्या इरास्मुस मुंडुसमध्ये प्रवेश आणि शिष्यवृत्ती यांचा अर्ज बहुधा एकच असतो, आणि तिथे कामाच्या अनुभवाची सरसकट अट नाही, म्हणून नुकत्याच पदवीधर झालेल्यांनी तिकडे आधी पाहावे. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला मात्र विद्यापीठाचे प्रवेशपत्र लागते. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती फक्त अनुसूचित जातींसाठी आहे, असे अनेकांना वाटते. तिच्यात विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठीही जागा आहेत. आणि जे. एन. टाटा एंडोमेंट, 1892 पासूनची, ही कर्ज-शिष्यवृत्ती आहे. पैसे परत करावे लागतात.

इकडे आणखी एका गोष्टीवर फार श्रम वाया जातात: शिफारसपत्र. आमदारांच्या किंवा कारखान्याच्या चेअरमनच्या लेटरहेडवरचे चार ओळींचे कौतुक निवड समितीला काहीच सांगत नाही. रांजणगाव एमआयडीसीतला सुपरवायझर किंवा प्रकल्प तपासणारे प्राध्यापक यांनी तुमचे काम जवळून पाहिलेले असते. त्यांना महिनाभर आधी भेटावे, अर्जाचा मसुदा द्यावा आणि कोणत्या प्रसंगाबद्दल लिहावे ते स्पष्ट सांगावे.