आकाशक-स्थळ सर्वेक्षण
बिनतारी संदेशवहनाच्या जाळ्यातील आकाशक (अँटेना) उभारण्यापूर्वी जागेची, दोन स्थानकांमधील मार्गाची व परिसराची जी पाहणी आणि मोजणी करतात, तिला आकाशक-स्थळ सर्वेक्षण म्हणतात. सूक्ष्मतरंगांना डोंगर वा इमारत यांना वळसा घालून जाणे फारसे साधत नाही; म्हणून दोन्ही आकाशकांमधील दृष्टिरेषा मोकळी असावी लागते. मात्र दुसरे टोक दुर्बिणीतून दिसते एवढ्यावरच विसंबणे, ही या कामातील नेहमीची चूक होय. तरंगांची ऊर्जा एका रेषेतून नव्हे, तर तिच्याभोवतीच्या लांबट, मध्यभागी फुगीर अशा अवकाशातून जाते. फ्रेंच भौतिकीविज्ञ ऑग्युस्तीन झां फ्रेनेल (१७८८–१८२७) यांच्या नावावरून त्यास फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. पहिल्या फ्रेनेल क्षेत्राच्या त्रिज्येचा निदान ६०% भाग मोकळा ठेवण्याचा प्रघात आहे. कंप्रता ६ गिगॅहर्ट्‌झ व अंतर ४० किमी. असल्यास मध्यावर ही त्रिज्या सु. २२ मी. भरते; तिचे ६०% म्हणजे सु. १३ मी. वातावरणातील प्रणमनाने तरंग किंचित खाली वाकतात हे जमेस धरूनही पृथ्वीच्या वक्रतेचा फुगवटा तेथे सु. २४ मी. येतो. म्हणजे सपाट मैदानावरही दृष्टिरेषा मध्यावर सु. ३७ मी. उंच हवी, झाडांची व घरांची उंची त्यात वेगळी मिळवावी लागते. ही उंची डोंगरांनीच पुरविली, तर उंच मनोरे लागत नाहीत. व्हेनेझुएलात २००७ मध्ये एर्मान्नो पिएत्रोसेमोली व सहकाऱ्यांनी योग्य डोंगरमाथे निवडून अल्प खर्चाच्या वाय-फाय उपकरणांनी ३८२ किमी. अंतर सांधले.

प्रारंभी समोच्च रेषांच्या नकाशांवरून मार्गाचा उभा छेद काढतात. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानातून रडारने मोजलेल्या उंचीची आधारसामग्रीही वापरतात; पण दाट वनात ती जमिनीऐवजी बव्हंशी झाडांच्या माथ्याजवळची असते. यामुळे प्रत्यक्ष मार्गावर फिरण्यास पर्याय नाही. ऋतूचेही भान हवे. सागवानी रानात मार्च महिन्यात पाने गळालेली असतात व पलीकडचा माथा स्वच्छ दिसतो. पावसाळ्यात तेच रान भरते, आणि ओली पाने तरंग अधिकच शोषून घेतात. सुमारे १० गिगॅहर्ट्‌झच्या वर जोराच्या पावसानेही लक्षणीय क्षीणन होते.

परिसरातील इतर प्रक्षेपणांचे व्यतिकरण किती, हे आकाशक सर्व दिशांना फिरवून मोजतात. वीजपुरवठा, रस्ता, वाऱ्याचा दाब व विमानतळाजवळील उंचीची मर्यादा यांचीही नोंद घेतात. सह्याद्रीच्या माथ्यांवर मातीचा थर पातळ व खाली कठीण बेसाल्ट असल्याने तडित्‌निवारकासाठी चांगले भूसंपर्कन मिळणे अवघड जाते. तेव्हा जमिनीचा विद्युत् रोध आधीच मोजून घेतात.