धावत्या मोटरहोममधील जनित्र : ते का तापते व थंड कसे राखावे

भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने जनित्राविषयी लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. म्हणून त्याचे कारण आरंभीच सांगतो. अमेरिकेतील प्रादेशिक इंग्रजीच्या कोशासाठी विस्कॉन्सिन विद्यापीठातील प्रा. फ्रेडरिक कॅसिडी यांच्या नेतृत्वाखाली १९६५ ते १९७० या काळात जे क्षेत्रकार्य झाले, त्यात संशोधकांनी १,००२ गावे व वस्त्या गाठल्या. त्यासाठी निजण्याची सोय असलेल्या मोटारगाड्या वापरण्यात आल्या, आणि ‘शब्दगाड्या’ अशा अर्थाच्या नावाने त्या ओळखल्या जात. कोशाचा पहिला खंड १९८५ साली निघाला. आज त्या देशात मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घर, ही नित्याची वस्तू झाली आहे व तीत बहुधा पेट्रोलवर चालणारे जनित्र बसविलेले असते. अशा वाहनातून दीर्घकाळ फिरणाऱ्या संशोधकाला या यंत्राची प्रकृती ठाऊक असली पाहिजे.

गाडी चालू असताना जनित्र चालविण्याची गरज का पडते, हे प्रथम पाहू. चालकासमोरचे वातानुकूलन पुढच्या भागापुरतेच पुरे पडते. मागील दालन थंड ठेवावयाचे तर छतावरचे वेगळे यंत्र चालवावे लागते, व त्याला वीज जनित्राची लागते. ॲरिझोनातील फीनिक्स शहरी २०२३ साली ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक होते. अशा प्रदेशात भर दुपारी जनित्र बंद पडणे ही केवळ गैरसोय राहत नाही. मागे लहान मूल वा वृद्ध माणूस असेल तर ते संकटच होय.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ‘जनित्र तापते’ असे आपण म्हणतो. ‘तापणे’ हे क्रियापद अकर्मक असल्यामुळे तापविणारा कोण, हे त्यात झाकलेले राहते आणि दोष यंत्राचाच असावा असा ग्रह होतो. वस्तुतः प्रत्येक जनित्र उष्णता निर्माण करतेच. पेट्रोलच्या लहान इंजिनात इंधनातील ऊर्जेचा साधारण पाचवा ते चौथा भाग उपयोगी पडतो. तेव्हा ४ किलोवॉट वीज हवी असल्यास त्याच वेळी १२ ते १६ किलोवॉट इतकी उष्णता धुरावाटे व थंड करणाऱ्या हवेवाटे बाहेर टाकावी लागते. म्हणून खरा प्रश्न ‘उष्णता का निर्माण होते’ हा नसून ‘ती बाहेर का जात नाही’ हा आहे.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज आड येतो. गाडी धावू लागली की यंत्राला वारा लागतो, असे आपण गृहीत धरतो. रेडिएटर गाडीच्या तोंडाशी असल्याने त्याच्यापुरते ते खरे आहे. जनित्र मात्र एका बंद कप्प्यात असते. त्याचा पंखा एका तोंडाने बाहेरची हवा ओढतो, ती इंजिनावरून फिरवितो व पुष्कळदा तळातून खाली सोडतो. ही हवा वाहते ती दोन्ही तोंडांच्या दाबांतील फरकावर. गाडी उभी असताना बाहेरचा दाब दोहोंकडे सारखाच असल्याने पंख्याचे काम सुकर असते. गाडी धावू लागली की समोरच्या पृष्ठावर दाब वाढतो. बाजूच्या भिंतींवर, विशेषतः पुढच्या कोपऱ्यांच्या लगत मागे, तो घटतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा गतिजन्य दाब पाण्याच्या सुमारे ४५ मिलिमीटर स्तंभाइतका होतो. ५० किलोमीटर वेगाला तो याच्या चौथाईइतकाच असतो. लहान पंख्याच्या दृष्टीने पहिला आकडा उपेक्षणीय नाही. हवा घेण्याचे तोंड घटलेल्या दाबात आणि सोडण्याचे तोंड वाढलेल्या दाबात सापडले, तर पंखा फिरत राहूनही हवा पुरेशी वाहत नाही. धावण्याने वारा मिळण्याऐवजी असलेला वारा अडतो.

यावरून निदानाची एक सोपी कसोटी मिळते. तेवढाच विजेचा भार असताना जनित्र उभ्या गाडीत तासन् तास चालते, परंतु महामार्गावर थोड्याच वेळात बंद पडते, असे असेल तर दोष हवेच्या मार्गात शोधावा. उभ्या गाडीतही ते तापत असेल तर धूळ साचलेल्या पात्या, कमी झालेले तेल वा अतिरिक्त भार यांकडे पाहावे. पुढची पायरी तापमान मोजण्याची. हवा घेण्याच्या तोंडाशी लांब तारेच्या तापमापकाचे टोक बसवून आकडा गाडीच्या आत वाचावा. तेथील हवा बाहेरच्यापेक्षा पुष्कळ उष्ण आढळल्यास, सोडलेली हवा किंवा गाडीच्या रेडिएटरवरून तळाखाली आलेली हवा पुन्हा आत ओढली जात आहे असे समजावे. ती बाहेरच्याइतकीच असून सुटणारी हवा मात्र फार तप्त असेल, तर प्रवाहच अपुरा आहे.

उपायही या निदानास अनुसरूनच करावयाचे. उष्ण हवा परत येत असेल तर जनित्र व कप्प्याची भिंत यांमधील फटी उष्णतारोधक आडपडद्याने बुजवाव्यात, म्हणजे आत येणारी व बाहेर जाणारी हवा एकमेकींत मिसळणार नाही. प्रवाह अपुरा असेल तर तळातील तोंडाच्या पुढच्या कडेला मागे झुकलेली पत्र्याची पट्टी लावावी. समोरून येणारा वारा तिच्यावरून घसरताना मागे दाब घटतो व उष्ण हवा आपसूक ओढली जाते. कप्प्याला जागोजाग भोके पाडणे हा मात्र उपाय नव्हे. दाबाचा विचार न करता पाडलेले भोक हवेला जवळची वाट देते व इंजिनावरून जाणारा प्रवाह उलट कमी करते.

भाराचाही विचार हवा. उंचीवर हवा विरळ होते. १,६०० मीटरच्या सुमारास, म्हणजे डेन्व्हर शहराच्या उंचीवर, ती समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्के विरळ असते. त्यामुळे इंजिनाची शक्ती घटते व तेवढ्याच आकारमानाची हवा उष्णताही कमी वाहून नेते. चढावर छतावरील दोनांपैकी एक यंत्र बंद ठेवणे शहाणपणाचे. थांबण्यापूर्वी काही मिनिटे जनित्र भाराविना चालवावे, म्हणजे साठलेली उष्णता पंख्यावाटे निघून जाते.

शेवटी एक इशारा देणे अवश्य आहे. जनित्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो प्राणघातक आहे. थंडाव्यासाठी केलेली कोणतीही दुरुस्ती कप्पा व राहण्याचे दालन यांमधील भिंतीला छेद देणारी नसावी. धुराची नळी गाडीच्या कडेबाहेर निघालेली असावी, दालनात या वायूची सूचना देणारे उपकरण असावे, आणि जनित्र चालू ठेवून निजू नये. बंद पडलेले जनित्र पुन्हा सुरू करता येते; या चुकीला मात्र दुरुस्ती नाही.

सारांश, धावत्या गाडीतील जनित्र तापते ते बहुधा त्याच्या अंगच्या उष्णतेने नव्हे, तर त्या उष्णतेची वाट अडल्याने. ती वाट कोठे अडली आहे, हे मोजून पाहावे आणि मगच हत्यार हाती घ्यावे.